खाडीच्या मुखाशी हिवाळ्यातील एक फेरी
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



वर्धापनदिनी आपण स्वयंपाक, शिवणकाम, मुलांचे संगोपन अशा विषयांवर नेहमी ऐकतो. आज मी आपणांस जोग नदीची खाडी समुद्राला मिळते तिथे फिरायला नेणार आहे. पुण्या-मुंबईचे पाहुणे आंजर्ल्याला येतात, कड्यावरच्या गणपतीचे दर्शन घेतात, सुवर्णदुर्ग दुरून पाहतात आणि विचारतात, "इथे आणखी काय पाहण्यासारखे आहे?" पुष्कळांचे उत्तर ठरलेले, "काही नाही हो, नुसता चिखल आणि वाळू!" त्या चिखलात आणि वाळूत किती जणांचे संसार आहेत, हेच मला सांगायचे आहे.

जायचे ते मार्गशीर्ष-पौषात. पौर्णिमा किंवा अमावास्या उलटली की एक-दोन दिवसांनी भल्या पहाटे निघावे. तेव्हा उधाणाचे दिवस असतात आणि ओहोटीही मोठी, त्यामुळे पाणी पार दूर हटलेले असते. अंगावर शाल असावी, कारण पाठीमागून मतलई वारा झोंबत असतो.

प्रथम खाडीकाठची झाडे पाहा. तिवर, चिप्पी, कांदळ. खारट पाण्यात दुसरे झाड जगणार नाही, पण तिवराची युक्ती अशी की ते जास्तीचे मीठ पानांवाटे बाहेर टाकते. पान चाटून पाहा, खारट लागेल. त्याची मुळे चिखलातून पेन्सिलीसारखी वर आलेली दिसतात, ती श्वास घेण्यासाठी. कांदळाचे बी तर झाडावरच रुजते आणि शेवग्याच्या शेंगेसारखे लोंबते. लेकराला चालता येऊ लागल्याशिवाय आई खाली सोडत नाही, तसेच हे. या मुळांच्या आडोशाला कोळंबी आणि माशांची पिले वाढतात. आपल्या ताटातली कोळंबी लहानपणी याच पाळण्यात खेळलेली असते, हे ध्यानात ठेवावे.

चिखलावर निवट्या टुणटुण उड्या मारीत असतात. मासा असून पाण्याबाहेर हिंडतात! पलीकडे पक्ष्यांची पंगत बसलेली असते. आखूड चोचीचे चिखल्या पक्षी वरवरचे टिपतात, तुतवार जरा खोल खुपसतात, आणि लांब वाकड्या चोचीचा मोठा पक्षी अगदी खोलातला किडा ओढून काढतो. एकाच पंगतीत बसून कोणी कोणाच्या पानातले घेत नाही.

पुढे वाळूच्या दांड्यावर पांढऱ्या कुरव पक्ष्यांचा थवा दिसेल. यांतले पुष्कळ लडाख-तिबेटकडच्या उंच सरोवरांच्या काठचे. तिथे पाणी गोठले की इतका पल्ला उडत ते आपल्याकडे येतात. आता त्यांचे डोके पांढरे असते, कानापाशी तेवढा काळा ठिपका. उन्हाळ्याच्या तोंडाला डोके तपकिरी होऊ लागले की समजावे, पाहुणे परत निघाले. आपण मात्र त्यांना कुत्री सोडून वा मुलांकडून पळवून उठवू नये. उठवले की पोटात साठवलेले बळ खर्च होते, आणि परतीचा प्रवास तर त्याच बळावर करायचा असतो.

ओल्या वाळूवर बारीक गोळ्यांची रांगोळी दिसते. ती लहानग्या खेकड्यांची. वाळूचा घास घ्यायचा, त्यातले खाद्य चाटायचे आणि गोळी करून टाकायची. भरती येते, रांगोळी पुसते. ओहोटीला पुन्हा मांडायची! आपल्या अंगणाचे आणि त्यांचे एकच व्रत.

आता सर्वांत मोठ्या माहेरवाशिणीविषयी. हिवाळ्यात समुद्री कासवी रात्री किनाऱ्यावर येते, हात-दीड हात खड्डा करते, शंभराच्या आसपास अंडी घालते, वाळू लोटते आणि परत जाते. जिथे जन्मली त्याच भागात ती अंडी घालायला येते असे शास्त्रज्ञ सांगतात. पिले साधारण दीड-दोन महिन्यांनी निघतात. वाळू जास्त तापली तर माद्या जास्त, थंड राहिली तर नर जास्त. वेळासच्या किनाऱ्यावर 2002 साली चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने गावकऱ्यांना घेऊन अंडी राखण्याचे काम सुरू केले. पुढे आपल्या गावानेही ते केले. जानेवारी 2022 मध्ये आपल्याच किनाऱ्यावरून एका कासवीच्या पाठीवर उपग्रहाला खबर देणारे यंत्र लावून तिला सोडले. तिचे नाव 'सावनी' ठेवले. जाळ्यात सापडलेले कासव सोडण्यासाठी जाळे कापावे लागले, तर कोळी बांधवांना शासनाकडून भरपाई मिळते. ही योजना 2018 सालची. पुष्कळ घरांत अजून हे ठाऊक नाही, म्हणून मुद्दाम सांगते.

भगिनींनो, हे सारे राखणे वनखात्याचे काम, असे म्हणून चालणार नाही. किनाऱ्यावर पोचतो तो हात बहुतेक आपलाच असतो. उष्टे-खरकटे वाळूवर टाकले की कुत्री आणि कोल्हे तिथे राबता धरतात आणि मग अंडी उकरतात. समुद्राकडच्या पडवीतला झगझगीत दिवा रात्रभर जळला की पिले पाण्याकडे जायची ती दिव्याकडे चालू लागतात. पाहुण्यांच्या गाड्या वाळूवर उतरल्या की खाली काय दडले आहे ते चाकाला कळत नाही. तिसऱ्या वेचताना बारक्याही टोपलीत घेतल्या, तर पुढल्या वर्षी वेचायला काय उरेल? वेचणीवर ज्यांची चूल पेटते अशा भगिनी आपल्यातच बसल्या आहेत. त्यांचे सणवार याच चिखलावर निभतात.

3 जून 2020 चे निसर्ग वादळ आपण विसरलेलो नाही. किनाऱ्यावरचे सुरू, वाडीतल्या नारळी-पोफळी भुईसपाट झाल्या. खाडीकाठची झाडे लाटांचा जोर मोडतात. कुंपणासाठी वा सरपणासाठी ती तोडणे म्हणजे घराची भिंत काढून चूल पेटवण्यासारखे आहे.

म्हणून मंडळापुढे मी तीन गोष्टी ठेवते. निर्माल्य आणि कचरा खाडीत न टाकता मंडळाने गावात एक खड्डा करावा. मार्गशीर्ष ते वैशाख समुद्राकडचे दिवे रात्री मालवावेत किंवा त्यांना आडोसा करावा. ज्यांच्या घरी पाहुणे उतरतात त्यांनी "गाडी वाळूवर नेऊ नका" एवढे एक वाक्य चहाबरोबरच सांगावे. यांत पैसा लागत नाही, ठराव लागतो, आणि तो पाळायचा निश्चय लागतो.

येत्या पौषी पौर्णिमेनंतर दोन दिवसांनी, पहाटे सहा वाजता, पुलापाशी जमावे. मुलांनाही आणावे.