टॉवेल कोण टाकतो?

इंग्रजीत ‘थ्रो इन द टॉवेल’ असा एक वाक्प्रचार आहे. शब्दकोशात अर्थ मिळतो : हार मानणे. मराठीत आपण त्याचे ‘शस्त्रे टाकली’ असे करतो. अर्थ जुळतो, पण एक गोष्ट निसटते. शस्त्र खाली ठेवतो तो लढणारा स्वतः. टॉवेल मात्र मुष्टियोद्धा टाकत नाही. त्याच्या हातांत तर ग्लोव्ह्ज असतात! तो टाकतो कोपऱ्यात उभा असलेला त्याचा साहाय्यक. दोन फेऱ्यांमधल्या मिनिटात घाम आणि रक्त पुसायला टॉवेल त्याच्याजवळ असतोच. पूर्वी या कामाला स्पंज असे, तेव्हा ‘स्पंज टाकला’ म्हणत. आपला माणूस आणखी लढला तर जिवावर बेतेल असे दिसले, की साहाय्यक तो टॉवेल रिंगणात भिरकावतो.

१ ऑक्टोबर १९७५ रोजी फिलिपाइन्समध्ये, मॅनिलाजवळ, महंमद अली आणि जो फ्रेझियर यांची गाजलेली लढत झाली. चौदाव्या फेरीअखेर फ्रेझियरचे डोळे सुजून जवळजवळ मिटले होते. एकच फेरी उरली होती आणि त्याला ती लढायचीच होती. प्रशिक्षक एडी फच यांनी त्याचे ऐकले नाही, लढत थांबवायला लावली. टॉवेल प्रत्यक्ष उडाला नाही, पण टॉवेल टाकणे म्हणतात ते हेच. फ्रेझियर हरला खरा. हार त्याने मानली नव्हती.

रिंगणातले आणखी काही शब्द असेच बाहेर पडले आहेत. ग्लोव्ह्ज नसत त्या काळी जमिनीवर मधोमध रेघ ओढलेली असे. खाली पडलेल्याने थोड्या विश्रांतीनंतर उठून त्या रेघेपाशी यायचे, नाहीतर हरला. ‘अप टू स्क्रॅच’ ते हे. ‘बिलो द बेल्ट’ आपल्याला समजवावे लागत नाही. कमरेखालचा वार म्हणजे काय, हे भीम-दुर्योधनाच्या गदायुद्धापासून ठाऊक आहे. ‘सेव्ह्ड बाय द बेल’बद्दल मात्र शवपेटीला बांधलेल्या घंटेची एक गोष्ट सांगतात. गोष्ट रंजक आहे, पण खरी नव्हे. ही घंटा फेरी संपल्याची. तिने पडत्या माणसाला मिनिटभर उसंत मिळते.

आणि हुकूम? हौशी मुष्टियुद्धात पंचाचे तीन : ‘स्टॉप’, ‘बॉक्स’, ‘ब्रेक’. ‘ब्रेक’ म्हणजे मोडणे नव्हे, गाडीचा ब्रेकही नव्हे. एकमेकांना बिलगलेल्या दोघांनी सुटे व्हायचे, एक पाऊल मागे जायचे आणि मग पुन्हा लढायचे. ‘स्टॉप’ म्हटल्यावर मात्र थांबायचेच.

हे ‘थांबा’ कधी म्हणायचे, यावर सारे असते. १३ नोव्हेंबर १९८२ रोजी लास वेगासमध्ये अमेरिकेच्या रे मॅन्सिनीसमोर दक्षिण कोरियाचा किम डुक-कू उभा होता. पंचाने चौदाव्या फेरीत लढत थांबवली. त्यानंतर किम बेशुद्ध झाला आणि चार दिवसांनी वारला. पुढे वर्ल्ड बॉक्सिंग कौन्सिलने विजेतेपदाच्या लढती पंधराऐवजी बारा फेऱ्यांच्या केल्या.