बहुरूप्यांचा आठवडा



'बालपणीचे वाचन' या विषयावर बोला, असे पत्र आले तेव्हा मी जरा संकोचले. या व्यासपीठावर माझ्याआधी जे बोलले त्यांनी 'चांदोबा'ची, 'किशोर'ची, भा. रा. भागवतांच्या फास्टर फेणेची आठवण काढली. माझ्याकडे तसे काही नाही. मी ज्या नियतकालिकावर वाढले ते मराठी नव्हते आणि भारतीयही नव्हते. खेळणी खपावीत म्हणून काढलेले, यंत्रमानवांच्या मारामाऱ्यांचे ते एक इंग्रजी साप्ताहिक होते. पण मी आज तुमच्यापुढे मराठीतून उभी आहे ती बरीचशी त्याच्यामुळे. ते कसे, एवढेच सांगायला आले आहे.

माझा जन्म इथला, बडोद्याचा. वडील नोकरीसाठी इंग्लंडात लेस्टरला गेले तेव्हा मी चार वर्षांची होते. आम्ही बेलग्रेव्ह भागात राहत असू. घराबाहेर पडले की कानावर गुजराती यायची, शाळेत इंग्रजी आणि घरात आईबाबांची मराठी. दहाव्या वर्षापर्यंत माझे असे झाले होते, की मराठी सगळी समजे, पण उत्तर तोंडातून इंग्रजीतच बाहेर पडे. आईने पुष्कळ रागावून पाहिले. रागावून भाषा येत नाही, हे इथे बसलेल्या आईवडिलांना मी सांगायला नको.

त्या काळात 'द ट्रान्सफॉर्मर्स' नावाचे कॉमिक निघत असे. ट्रक, मोटार, विमान अशा रूपांत लपलेले यंत्रमानव, त्यांचे दोन पक्ष, सज्जन ऑटोबॉट आणि दुष्ट डिसेप्टिकॉन. टाकारा या जपानी कंपनीची खेळणी हॅस्ब्रो या अमेरिकन कंपनीने नव्या नावांनी बाजारात आणली, आणि त्यांना नावे, स्वभाव नि गोष्ट देण्याचे काम मार्व्हलकडे गेले. अमेरिकेत ते मासिक होते. ब्रिटनमध्ये मार्व्हलच्या तिथल्या शाखेने 20 सप्टेंबर 1984 रोजी पहिला अंक काढला. वर्षभर ते पाक्षिक होते, 1985 च्या सप्टेंबरात सत्ताविसाव्या अंकापासून साप्ताहिक झाले आणि जानेवारी 1992 मध्ये 332 व्या अंकाने थांबले.

साप्ताहिक करताना एक अडचण उभी राहिली, आणि माझ्या सांगण्याचा सारा मुद्दा त्या अडचणीत आहे. अमेरिकन मासिकात गोष्टीची साधारण बावीस पाने असत. ब्रिटिश साप्ताहिक आठवड्याला अकरा पाने छापी. म्हणजे महिन्याचा अमेरिकन माल दोन आठवड्यांत संपे. उरलेल्या आठवड्यांत काय द्यायचे? तेव्हा ब्रिटिश लेखकांनी स्वतःच्या गोष्टी लिहायला घेतल्या. अमेरिकन कथेला धक्का न लावता, तिच्या दोन भागांच्या मधल्या जागेत आपली कथा बसवायची. हे काम मुख्यतः सायमन फरमन या तरुण लेखकाने केले. खरे तर ती भरतीची पाने. पण त्या वेळच्या वाचकांना आज विचारा, त्यांना आठवतात त्या बहुतेक गोष्टी या भरतीतल्याच असतात.

अंक आमच्या रस्त्याच्या कोपऱ्यावरच्या दुकानातून येई. दुकानदारकाका नडियादचे. वरच्या कोपऱ्यात शिसपेन्सिलीने आमचा घरनंबर लिहून ते माझा अंक बाजूला काढून ठेवत. पहिल्यांदा मागितला तेव्हा त्यांनी चष्म्यावरून पाहिले आणि म्हणाले, "बेन, आ तो छोकराओ माटे छे." मी म्हटले, "खबर छे." गुजरातीत मी उत्तर देऊ शके. मराठीतच अडे.

1986 च्या उन्हाळ्यात आजी बडोद्याहून आमच्याकडे राहायला आली. दांडिया बाजारातल्या वाड्यातून निघून थेट लेस्टरला. तिला इंग्रजी येत नव्हते आणि माझी मराठी अडखळत होती. मी अंक वाचत बसलेली पाहून तिने विचारले, "काय गं आहे त्यात?" मी नाव सांगितले. आजी म्हणाली, "ट्रान्सफॉर्मर? आपल्या गल्लीच्या तोंडाशी आहे की खांबावर. पाऊस पडला की जळतो."

मला हसू आवरेना. मग तो ट्रान्सफॉर्मर हा नव्हे, हे समजावताना पहिल्यांदा माझी मराठी कामाला लागली. "आजी, हे वेगळे. ते दिसतात गाडी, पण गाडी नसतात. वेष घेतात." आजी चटकन म्हणाली, "म्हणजे बहुरूपी." कॉमिकच्या मुखपृष्ठावर ते वेष घेणारे यंत्रमानव असल्याचे छापलेले असे. त्याला इतका नेमका शब्द मला आजवर दुसरा मिळालेला नाही.

त्यानंतर दर आठवड्याला अंक आला की मी तो आजीला सांगायचा, असे ठरून गेले. डिसेप्टिकॉन ठग झाले. ऑप्टिमस प्राइम 'सरदार' झाला. मेगाट्रॉनचे नाव तिच्या जिभेला वळत नसे, म्हणून तो नुसता 'मेला'. मला शब्द अडला की ती पुरवी, आणि तो मला आठवडाभर पुरे, कारण पुढच्या अंकात तोच लागे. 'दबा धरणे', 'फितूर', 'वेढा', 'तह' हे शब्द मी शाळेतल्या इतिहासात शिकले नाही. यंत्रमानवांच्या लढाया सांगताना शिकले.

त्या वर्षी सप्टेंबरात 'टार्गेट: 2006' ही गोष्ट सुरू झाली. अंक 78 ते 88, अकरा आठवडे. सुरुवातीलाच ऑप्टिमस प्राइम नाहीसा होतो. मरत नाही, पळत नाही, उभ्या जागेवरून दिसेनासा होतो. वीस वर्षे पुढच्या काळातून, 2006 मधून, गॅल्व्हाट्रॉन नावाचा भयंकर यंत्रमानव येऊन उभा राहतो. सरदार कुठे गेला, हे कुणालाच ठाऊक नाही. आठवडे चालले, पत्ता नाही. मी रोज आजीला विचारी, "कुठे गेला असेल गं?" जणू तिला आतली बातमी होती. आणि आजीजवळ रोज उत्तर असे. कधी तो डोंगराखाली अडकलेला असे, कधी वाट चुकलेला.

नोव्हेंबरात आजीची परत जायची तारीख आली. थंडी तिला सोसेना. गोष्टीचे शेवटचे भाग यायचे होते. निघताना ती म्हणाली, "सरदार सापडला की कळव." आता आली पंचाईत. इंग्रजीत लिहून उपयोग नाही, फोन महाग, आणि मला देवनागरी येत नव्हती. दोन वर्षे आई मुळाक्षरे गिरवून घ्यायला माझ्या मागे लागली होती, ती मी तीन आठवड्यांत स्वतःहून गिरवली. 88 वा अंक आला, सरदार परतला, आणि मी निळ्या हवाई पत्रावर माझ्या आयुष्यातले पहिले मराठी वाक्य लिहिले: 'आजी, सरदार आला.' ऱ्हस्व-दीर्घाचे विचारू नका.

मग पाच वर्षे मी तिला पत्रे लिहिली, बहुतेक दर आठवड्याला. अंक आला की वाचायचा आणि पत्र टाकायचे. 1991 मध्ये आजी गेली. पुढच्या जानेवारीत साप्ताहिक बंद पडले. मी कॉलेजात गेले, नंतर नोकरीनिमित्त बडोद्याला परत आले.

आता या कथेचा दुसरा भाग. त्या साप्ताहिकाचे वाचक आज चाळिशी-पन्नाशीत आहेत, आणि ते जुने अंक पुन्हा वाचत आहेत. नुसते आठवणीने गहिवरून नव्हे, बारकाईने. स्टुअर्ट वेब नावाच्या एका वाचकाने एकेक अंक समोर ठेवून त्यावर लिहिले, त्याची पुस्तके झाली. गोष्टींचे पुनर्मुद्रण वेगवेगळ्या प्रकाशकांनी केले. जेम्स रॉबर्ट्स या वाचकाने 2001 मध्ये 'युजेनेसिस' नावाची कादंबरी लिहिली, ती चाहत्यांच्या मंडळानेच छापली. पुढे 2010 मध्ये तो आणि निक रोश यांनी 'लास्ट स्टँड ऑफ द रेकर्स' हे कॉमिक लिहिले, तेही एका रीतसर प्रकाशकासाठी. त्यातले 'रेकर्स' हे पथक फरमनने 'टार्गेट: 2006'मध्येच प्रथम आणले होते. लहानपणी ज्या गोष्टीची पुढच्या आठवड्यासाठी वाट पाहिली, तिचा पुढचा भाग वाचकांनी मोठेपणी स्वतः लिहिला.

चार वर्षांपूर्वी आईबाबांचे लेस्टरचे घर आवरताना माळ्यावर माझे खोके निघाले. तीनशेच्या आसपास अंक होते. मी रजा काढून ते ओळीने वाचले. खरे सांगायचे तर काही भाग फार कच्चे आहेत. नवे खेळणे बाजारात आले की ते पात्र गोष्टीत ढकलून बसवलेले कळते. सुरुवातीच्या अंकांत काही पाने रंगीत, काही काळी-पांढरी. पण काही गोष्टी अजून उभ्या राहतात. स्टीव्ह पार्कहाउसची 'मॅन ऑफ आयर्न' ही इंग्लंडमधल्या एका जुन्या किल्ल्याभोवती घडते, आणि तिच्यातली शांतता मला आता जास्त कळली. पत्रांच्या पानावर वाचकांना उत्तरे यंत्रमानवच देत, आधी साउंडवेव्ह, मग ग्रिमलॉक, मग ड्रेडविंड. मुलांच्या पत्रांची थट्टा होई, पण दखल घेतली जाई.

मी मात्र एक चित्र शोधत होते. माझ्या मनात ते इतकी वर्षे स्वच्छ होते: नाहीसा झालेला सरदार गडद अंधारात एकटा बसला आहे, डोळे तेवढे निळे, आणि तो आपल्या एकेका सोबत्याचे नाव घेतो आहे. 78 ते 88 हे अकरा अंक मी तीनदा चाळले. चित्र नाही. पान फाटले असेल म्हणून पुनर्मुद्रण मागवले. त्यातही नाही. ते कधी छापलेलेच नव्हते.

88 व्या अंकाच्या मधल्या पानांत एक हवाई पत्र घडी करून ठेवलेले होते. आजीचे उत्तर. तिच्या वळणदार अक्षरात लिहिले होते: 'सरदार आला हे वाचून बरे वाटले. मी म्हटलेच होते. अंधारात बसून सगळ्यांची नावे घेत राहिले की वाट सापडते.'

तेव्हा मला आठवले. आजी रोज संध्याकाळी देवापाशी दिवा लावून दूर असलेल्या सगळ्यांची नावे घेत असे. लेस्टर, इंदूर, पुणे, एकेक घर, एकेक नाव. सरदार कुठे गेला असेल, या माझ्या प्रश्नाला एका संध्याकाळी तिने ते उत्तर दिले असणार. चित्र माझ्या मनाने काढले, पण गोष्ट तिची होती. ज्या पानावर मी सर्वात जास्त जीव लावला, ते पान मराठी होते.

ब्रिटिश लेखकांनी दोन अमेरिकन अंकांच्या मधली जागा भरली. आजीने दोन ब्रिटिश अंकांच्या मधली जागा भरली. फरक एवढाच, की त्यांचे छापले गेले. 332 अंकांतला कोणताही अंक आज मी पैसे टाकून मिळवू शकते. लोक ज्याला रद्दी म्हणत, त्यातले एक पानही हरवलेले नाही. माझी पाच वर्षांची पत्रे मात्र गेली. आजीमागे दांडिया बाजारातला वाडा रिकामा करताना ती एका ट्रंकेत होती, असे काकू सांगतात. ट्रंक ठेवली, कागद रद्दीत दिले. यात कुणाचा दोष काढावा? आम्ही कुणीच ती मागितली नव्हती. आजीची उत्तरे मीही जपली नाहीत. एक उरले, ते यंत्रमानवांच्या अंकात दडले होते म्हणून.

परप्रांतातली मराठी टिकावी म्हणून आपण संमेलने घेतो, वर्ग चालवतो, आणि ते करायलाच हवे. पण माझ्या अनुभवापुरते सांगते. मला मराठी आली ती कुणीतरी दर आठवड्याला 'मग पुढे काय झाले?' असे मराठीत विचारत होते म्हणून. पुस्तक कोणत्या भाषेतले आहे, याची आजीने कधी काळजी केली नाही. आपली नातवंडे आज जे काही पाहत-वाचत असतील, ते जपानी असो की कोरियन, त्यांच्याजवळ बसून पुढचे विचारा. तुमचे शब्द द्या. 'बहुरूपी'सारखा एखादा तुमच्याकडे नक्की पडून असेल. आणि जमले तर ते सांगणे फोनवर ध्वनिमुद्रित करून ठेवा, पत्र आले तर ट्रंकेबरोबर तेही ठेवा.

आजीने दिलेले शब्द मी एका वहीत उतरवते आहे. आजवर 43 आठवले आहेत. गेल्या महिन्यात अंक पुन्हा चाळताना 'हिकमत' सापडला.