दोन भिंतींमधली घडी



लुगड्याची घडी कशी घालतात, हे शहापूरकरांना सांगायला नको. एक टोक आईच्या हाती, दुसरे मावशीच्या. दोघी जवळ येतात, काठाला काठ भिडवतात, पुन्हा मागे सरतात. आजच्या माझ्या विषयाच्या मुळाशी हीच घडी आहे.

मे १९९८ मध्ये आधी भारताने आणि मग पाकिस्तानने अणुचाचण्या केल्या. त्यानंतर नलिनी मलानी यांनी ‘रिमेंबरिंग टोबा टेक सिंग’ ही कलाकृती रचली. त्यांचा जन्म १९४६ चा, कराचीतला. फाळणीने कुटुंब इकडे आले, शिक्षण मुंबईच्या जे. जे.मध्ये झाले. नाव मंटोंच्या कथेवरून घेतलेले. त्या कथेतला बिशन सिंग दोन देशांच्या काटेरी तारांमधल्या जमिनीवर कोसळतो.

मुंबईच्या वस्तुसंग्रहालयात ती पाहायला गेलो तेव्हा मी आधी खुर्ची शोधली. पडदा म्हटला की बसायचे, ही आपली सवय. इथे बसायचे नव्हतेच. जमिनीवर पत्र्याच्या ट्रंका उघड्या ठेवलेल्या, त्यांत गोधड्या आणि गोधड्यांमध्ये टीव्हीचे संच. वाकून, वळसा घालून पाहावे लागे. शिल्पाभोवती आपण असेच फिरतो ना? ती ट्रंक नुसती चित्रात असती, तर तिचे ओझे जाणवले नसते.

समोरासमोरच्या भिंतींवर दोन स्त्रिया, एक इकडची, एक तिकडची. दोघी मिळून एका साडीची घडी घालू पाहतात. भिंती मात्र जागच्या हलत नाहीत. मध्ये अणुस्फोटाची दृश्ये, आणि मध्येच आपण, प्रेक्षक. म्हणजे प्रयोग नुसता पडद्यावर नव्हता. साडी ज्या जागेतून जायची, तिथे माझे पाय होते.

फाळणीच्या रक्तपाताची आणि आपल्या १९५६ ची बरोबरी मी करणार नाही. तसे करणे अप्रामाणिक ठरेल. पण गाव जागेवर राहते आणि रेषा घरावरून जाते, हे आपल्याला पुस्तकातून शिकावे लागलेले नाही. म्हणूनच ही कला आपल्याला परकी वाटू नये. ती समजते का, हे नंतर पाहू. आधी तिच्यामध्ये जाऊन उभे राहू या. मधली जागा आपल्या ओळखीची आहे.