एका फोटोची गोष्ट
(रौप्यमहोत्सवी स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



माझं सगळं आयुष्य बँकेत गेलं. एक पैशाचा फरक लागला तरी रात्री नऊपर्यंत लेजर चाळत बसणारी आमची पिढी. निवृत्त झाल्यावर मुलाने लांब झूमचा कॅमेरा घेऊन दिला आणि मी पक्ष्यांच्या मागे लागलो. आमची ही म्हणते, "चष्मा शोधायला मी लागते, पण घार बरोबर दिसते!" ते खरं आहे.

गेल्या वर्षी जानेवारीत आम्ही सहा जण दापोलीजवळ आंजर्ल्याला गेलो. मुलगा, सून, दोन नातवंडं आणि आम्ही दोघं. बाकीच्यांना समुद्र आणि उकडीचे मोदक हवे होते, मला शिकारी पक्षी. पहिल्या दिवशी कड्यावरच्या गणपतीला गेलो. तिथे एक गंमत आहे. एरवी घार आपल्या डोक्यावर असते. तिथे आपण उंचावर असतो आणि घारी आपल्या नजरेसमोर, कधी तर खाली तरंगत असतात. समोर समुद्रात सुवर्णदुर्ग, आणि मधे तांबूस पंखांची, पांढऱ्या डोक्याची ब्राह्मणी घार. ऊन पाठीशी ठेवलं, शटर १/२००० ला लावलं आणि नातीला म्हटलं, "बघ, पंखाचं एकेक पीस दिसतंय." संध्याकाळी हर्णै बंदरावर मासळीचा लिलाव चालू होता. तिथेही याच घारी टोपल्यांवर नजर ठेवून घिरट्या घालत होत्या.

पण मला हवा होता समुद्री गरुड. पोट आणि डोकं पांढरंशुभ्र, पाठ राखाडी, शेपूट आखूड, पाचरीसारखी. पंख पसरले की या टोकापासून त्या टोकापर्यंत जवळजवळ दोन मीटर, म्हणजे आपल्या लिफ्टच्या दारात मावायचा नाही. मासे आणि समुद्रसाप हे त्याचं खाणं. उंच झाडावर काटक्यांचं घरटं बांधतो आणि वर्षानुवर्षं त्याचीच डागडुजी करून वापरतो. आपली सोसायटी पंचवीस वर्षांची झाली, तशी. फरक इतकाच, की त्याला मेंटेनन्सची नोटीस पाठवावी लागत नाही!

आम्ही उतरलो होतो त्या घरापासून थोड्या अंतरावर एका वाडीत, जुन्या आंब्यावर असं घरटं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी नातीला घेऊन मी गेलो. झाडाखाली माशांचे काटे, सापांच्या मणक्यांचे तुकडे पडलेले. वर घरट्यात मादी बसलेली. अर्धा तास मान वर करून उभा होतो, पण डोक्याच्या टोकापलीकडे काही दिसेना. तेवढ्यात वाट दाखवायला आलेला मुलगा म्हणाला, "आजोबा, उडवू काय?"

मी "हो" म्हटलं नाही. पण "नको" पण म्हटलं नाही. इथेच माझं चुकलं.

त्याने डबा बडवला. गरुड उठला, दोन्ही पंख उघडून थेट आमच्या डोक्यावरून गेला. मी चाळीसएक फोटो काढले. त्यातला एक असा आला, की आयुष्यात परत येणार नाही. मी स्क्रीनकडे बघण्यात दंग. नात मात्र वर बघत होती. ती म्हणाली, "आजोबा, आत बाळ आहे."

खरंच होतं. काठावर पांढुरकं, मऊ पिसांचं एक पिल्लू डोकं वर काढत होतं. शेजारच्या माडावर दोन कावळे येऊन बसले, मग चार झाले. मादी वर घिरट्या घालत ओरडत होती, पण आम्ही खाली उभे, म्हणून उतरेना. नातीने माझा हात धरला. "आपण गेलो तर ती येईल ना?"

आम्ही तिघंही धावत सुटलो. त्र्याहत्तराव्या वर्षी मी बांधावरून धावलो, गुडघ्यांचा विचार न करता. लांब सुरूच्या झाडांमागे जाऊन थांबलो. पंधरा मिनिटं गेली असतील. त्या पंधरा मिनिटांत मी देवाकडे फोटो नाही मागितला. मग ती आली, घरट्यात उतरली आणि कावळे उडाले. नात काही बोलली नाही. घरी जाईपर्यंत माझा हात मात्र तिने सोडला नाही.

स्मरणिकेच्या मुखपृष्ठासाठी समितीने माझ्याकडे गरुडाचा फोटो मागितला होता. तो हाच फोटो. मी दिला नाही. त्याऐवजी कड्यावरून काढलेली ब्राह्मणी घार दिली आहे. तिला आम्ही तिथे आहोत हे कळलंसुद्धा नव्हतं. हिशोबाच्या भाषेत सांगायचं तर पहिला फोटो उधारीचा होता आणि त्याची फेड त्या पिल्लाला करावी लागली असती.

आता हे सगळं आजच का सांगतोय? बी विंगमागच्या पिंपळावर घारीने पुन्हा घरटं केलंय. गेल्या वर्षी गच्चीवर पापड घालताना एका वहिनींच्या डोक्यावर तिने झेप घेतली होती. त्यांचा राग मला समजतो. पुढच्या सभेत फांदी तोडण्याचा विषय आहे. आजपर्यंत अशा विषयावर मी गप्प बसत आलो, आणि गप्प बसणं म्हणजे काय ते आंजर्ल्याला शिकलो. तेव्हा आजच "नको" म्हणतो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने घरट्याला हात लावणं गुन्हा आहेच, पण ते बाजूला ठेवा. अंडी उबायला महिनाभर, पिल्लं उडायला दीडएक महिना. तेवढे दिवस पापड ए विंगच्या गच्चीवर वाळवू. ताटं वर पोचवायला मी येईन, गुडघे चालतील तोवर.

आणि ज्यांना घारीचा फोटो हवा असेल त्यांनी आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत यावं. चहा मिळेल. डबा वाजवायला मिळणार नाही.