महिन्याचा ब्रुटो किती?

पुण्याहून अ‍ॅमस्टरडॅमला किंवा आइंडहोव्हनला नोकरीसाठी येणारी आपली मुलं मुलाखतीत अडखळतात ती बहुधा इंग्रजीवर नाही, आकड्यावर. तिकडे एचआरचा प्रश्न ठरलेला असतो: करंट सीटीसी किती, एक्स्पेक्टेड किती? उत्तर लाखांत आणि वर्षाचं. इथे नेदरलँड्समध्ये पगार बोलतात तो महिन्याचा आणि ‘ब्रुटो’, म्हणजे कर कापण्याआधीचा. शिवाय किमान 8 टक्के सुट्टीभत्ता असतो, तो बहुतेकांना मे महिन्यात मिळतो. महिना 5,000 युरो म्हटले तर वर्षाचे 60,000 झाले, वर भत्त्याचे 4,800. आकडा भत्ता धरून की सोडून, हे विचारायला लाजू नका.

पुण्याच्या पगारावर हाईक लावून त्याचे युरो करणं तर सोडूनच द्या. ‘केनिसमिग्रांट’ म्हणून, म्हणजे उच्चकुशल कामगार म्हणून यायचं, तर सरकारनेच किमान पगार ठरवला आहे. 2025 साली तो तिशीच्या आतल्यांना महिना 4,171 आणि पुढच्यांना 5,688 युरो होता, सुट्टीभत्ता सोडून. दर जानेवारीत तो बदलतो. ऑफर बरोबर त्याच आकड्यावर आली, तर समजा की कंपनीने फक्त व्हिसापुरता विचार केलाय. घासाघीस करायला जागा आहे. आणखी एक गंमत. एकोणतिसाव्या वर्षी आलेल्याला त्याच कंपनीत तिशीनंतरही लहान आकडा चालतो. नोकरी बदलली, की मोठा लागू.

मग ती ‘30 टक्के’वाली करसवलत. परदेशातून भरती झालेल्यांना ती जास्तीत जास्त 5 वर्षं मिळते, आणि अर्ज कंपनीने व तुम्ही मिळून करायचा असतो. इन हँडचा आकडा कुणी सांगितला, तर त्यात ही सवलत धरली आहे का, ते सही करण्याआधी विचारा. 2027 पासून ती 27 टक्क्यांवर येते आहे.

राहिला जुन्या पगाराचा प्रश्न. युरोपीय संघाच्या 2023 च्या निर्देशानुसार मालकाने तो विचारायचाच नाही, उलट पदाची पगारश्रेणी आपण होऊन सांगायची. देशोदेशींचे कायदे त्यानुसार बदलायला 7 जून 2026 ही मुदत दिली. पण कायद्याची वाट कशाला पाहायची? माझ्या भाच्याला मी एकच वाक्य पाठ करून दिलं होतं: ‘या पदाची पगारश्रेणी काय आहे?’ पलीकडच्या डच बाईंनी ती सरळ वाचून दाखवली. उत्तर इतक्या सहज मिळेल असं भाच्याला वाटलंच नव्हतं. गडबडीत आकडा लिहून घ्यायचाच राहिला. दुसऱ्या दिवशी ईमेल करून पुन्हा विचारला.