उभ्या गाडीचे तास

(वसंत व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान. बोलण्याचा बाज तसाच ठेवला आहे.)



साडेसहाचे व्याख्यान सात वाजता सुरू होत आहे. उशिराचे कारण आणि आजचा विषय एकच आहे, हे मघाशी दारातच तीन जणांनी मला सांगितले. (हशा) पत्रिकेवर विषय छापला आहे, 'शहराला पार्किंग किती हवे?' विषय कार्यवाहांनी दिला आणि मी आनंदाने घेतला. पण या प्रश्नाला आकडा सांगून उत्तर देता येत नाही असे माझे ठाम मत आहे, आणि आज तेच मत घेऊन मी आलो आहे.

लग्नाच्या पंगतीचे उदाहरण घ्या. पाने किती मांडायची हे कशावर ठरते? पाहुणे किती, यावर अर्धे ठरते. उरलेले अर्धे पंगत किती वेळात उठते यावर ठरते. पहिल्या पंगतीला बसलेली माणसे संध्याकाळपर्यंत पानावरून उठलीच नाहीत, तर तुम्ही दोनशे पाने मांडा नाहीतर चारशे मांडा, दारात माणसे ताटकळतच राहणार. रस्त्यावरच्या जागेचेही तसेच आहे. ती किती आहे हे आपण विचारतो. एक गाडी तिथे किती वेळ बसून राहते, हे कोणी विचारत नाही.

२०१८च्या मार्चमध्ये आपल्या पुणे महापालिकेच्या मुख्य सभेत काय झाले ते इथे बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे, त्यात वेळ घालवत नाही. रस्त्यावर गाडी लावायला शुल्क घेणारे पार्किंग धोरण आले, त्याविरुद्ध आंदोलने झाली, साऱ्या शहरासाठी आणलेले धोरण पाच रस्त्यांवरच्या प्रयोगापुरते मंजूर झाले आणि पुढे वर्षानुवर्षे कागदावर राहिले. त्याच सुमारास पुण्यातल्या नोंदणीकृत वाहनांची संख्या ३६ लाखांवर आणि लोकसंख्या ३५ लाखांच्या घरात असल्याचे प्रसिद्ध झाले. माणसांपेक्षा गाड्या जास्त, म्हणून वर्तमानपत्रांत मथळे झाले. मला त्या आकड्यापेक्षा दुसरीच गोष्ट महत्त्वाची वाटते. या गाड्या चोवीस तासांतला बहुतेक वेळ उभ्या असतात. जी गाडी दिवसात एक तास चालते, तिला तेवीस तास जागा लागते.

आता पार्किंगची मागणी मोजायला नेमलेला सल्लागार काय करतो ते सांगतो, कारण माझ्या नोकरीची पहिली काही वर्षे मी एका सल्लागार कंपनीतच काढली. निविदेत लिहिलेले असते, 'सर्वेक्षण करून पार्किंगची मागणी निश्चित करावी.' मग सर्वांत गर्दीच्या तासाला रस्त्यावर उभ्या असलेल्या गाड्या मोजतात. दुचाकी, रिक्षा, टेम्पो यांचे एका ठरलेल्या प्रमाणात मोटारींत रूपांतर करतात. त्यातून अधिकृत जागा वजा केल्या की 'तूट' निघते. तिला वीस वर्षांची वाढ जोडतात आणि शेवटच्या प्रकरणात बहुमजली वाहनतळ येतो. आकडेमोडीत चूक नसते. पण जागा फुकट असताना मोजलेली मागणी आणि जागेला तासाला काही रुपये पडत असताना मोजलेली मागणी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्या अहवालात कुठेच नसते. फुकटाच्या भावाने मोजलेल्या मागणीला आपण 'गरज' म्हणतो आणि तिच्यासाठी करदात्यांचे कोट्यवधी रुपये ओततो.

इथे एक प्रसंग सांगतो. दोन मिनिटे लागतील.

मी तेवीस वर्षांचा होतो. एका जिल्ह्याच्या गावी बाजाराच्या रस्त्याचे सर्वेक्षण होते. पद्धत अगदी साधी. हातात पाठीला पुठ्ठा लावलेले तक्ते आणि पेन्सिल. सकाळी आठपासून रात्री आठपर्यंत दर अर्ध्या तासाला रस्त्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालायचे आणि उभ्या असलेल्या प्रत्येक गाडीच्या नंबरातले शेवटचे चार आकडे लिहायचे. पुढच्या फेरीत तोच नंबर त्याच जागी दिसला तर खूण करायची. दिवस संपला की कुठली गाडी किती वेळ उभी होती ते तक्त्यावर उमटलेले असते.

तिसऱ्या फेरीला एका कापडदुकानाच्या मालकांनी मला आत बोलावले. चहा दिला. मनापासून सांगू लागले, "साहेब, काहीतरी करा. गिऱ्हाइकाला गाडी लावायला जागा नाही. बायाबापड्या पिशव्या घेऊन लांबून चालत येतात, नाहीतर येतच नाहीत. धंदा बसला." माणूस सज्जन, तळमळ खरी. मी ऐकून घेतले आणि पुढच्या फेरीला निघालो. त्यांच्या दुकानासमोर, अगदी पायरीला लागून, एक पांढरी फियाट उभी होती. पहिल्या फेरीला नव्हती. दुसऱ्या फेरीला होती. तिसऱ्या, चौथ्या, दहाव्या फेरीलाही होती. रात्री दुकानाचे शटर पडले तेव्हा मालक तिच्यात बसून घरी गेले.

शेजारच्या भांड्यांच्या दुकानासमोर दुकानदाराच्या धाकट्या भावाची गाडी. पलीकडे बँकेतल्या साहेबांची. डॉक्टरांची. वरच्या मजल्यावरच्या वकिलांची. तक्ते जुळवले तेव्हा कळले की त्या रस्त्यावरच्या अर्ध्याहून अधिक जागा सकाळी भरत आणि रात्री रिकाम्या होत. गिऱ्हाइकांची जागा अडवणारे कोणी परगावचे नव्हते. दुसऱ्या दिवशी मी तो तक्ता त्या मालकांना नेऊन दाखवला. त्यांना राग आला. "माझ्या दुकानासमोर माझी गाडी नाही लावायची तर कोणाची लावायची?" म्हणाले. गल्ल्यावर त्यांचे वृद्ध वडील बसले होते. ते मध्येच बोलले, "पूर्वी बाजाराच्या दिवशी गाड्या गाडीतळावर सोडायला लागायच्या. पेठेत माल उतरवायचा आणि गाडी घेऊन निघायचे."

गाडीतळ! हडपसरला जाणारी बस रोज त्या नावाच्या थांब्यावर थांबते आणि त्या शब्दात काय साठले आहे ते आपल्या मनातही येत नाही. बैलगाड्या सोडायची जागा आणि रस्ता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे आपल्या आजोबा-पणजोबांना ठाऊक होते.

त्या सर्वेक्षणाचे पुढे काय झाले? अहवालाच्या मुख्य भागात 'तूट' गेली आणि वाहनतळाची शिफारस गेली. कोण किती वेळ उभा होता, तो तक्ता मागे परिशिष्टात गेला. परिशिष्ट कोणी वाचत नाही. ती सल मला आजही आहे.

बाजारातल्या जागा अशा दिवसभर अडून राहण्याचा अनुभव काही आपल्याच मुलखापुरता नाही. जगातले पहिले पार्किंग मीटर अमेरिकेत ओक्लाहोमा सिटीला १६ जुलै १९३५ रोजी बसले. तिथल्या व्यापारी मंडळाची हीच तक्रार होती. पेठेत कामाला येणारे लोक सकाळी गाड्या लावतात त्या संध्याकाळीच काढतात, गिऱ्हाइकाला जागा उरत नाही. कार्ल मॅगी नावाच्या वृत्तपत्राच्या संपादकावर काम सोपवले गेले आणि त्यातून ते यंत्र आले. तासाला पाच सेंट. मीटर दुकानदारांसाठी आले होते, हे आपल्या दुकानदार बंधूंना मला आवर्जून सांगायचे आहे.

(सभागृहातून : "इथे पैसे लावले की गिऱ्हाईक मॉलमध्ये जाते!")

बरोबर आहे तुमचे, थांबा, मी तिकडेच येतो. एक साधा हिशेब करू. समजा एका रस्त्यावर चाळीस मोटारींची जागा आहे आणि बाजार दहा तास चालतो. म्हणजे तुमच्याकडे चारशे तास आहेत. प्रत्येक गिऱ्हाईक सरासरी एक तास थांबले तर दिवसात चारशे गाड्यांची सोय होते. पण तीस जागांवर दिवसभर त्याच तीस गाड्या बसून राहिल्या तर उरल्या दहा जागा. त्यांवर शंभर गाड्यांची सोय होईल. चारशे कुठे आणि एकशेतीस कुठे! एक वीटही न रचता दोनशेसत्तर गिऱ्हाइकांची जागा त्याच रस्त्यात आहे. तुमचे गिऱ्हाईक मॉलमध्ये जाते, कारण तिथे जागा मिळण्याची खात्री असते. तीच खात्री तुमच्या दारात मिळावी म्हणून मी बोलतो आहे. (टाळ्या)

डोनाल्ड शूप या प्राध्यापकांनी कॅलिफोर्नियात याच एका विषयात आयुष्य घातले. २००५ साली त्यांचा मोठा ग्रंथ आला, २०२५च्या फेब्रुवारीत ते गेले. त्यांचे म्हणणे असे की, प्रत्येक रस्त्यावर एक-दोन जागा सतत रिकाम्या मिळतील इतकाच दर ठेवा, आणि आलेला पैसा त्याच रस्त्यावर खर्च करा. तिथल्याच पासाडेना शहराच्या जुन्या पेठेत १९९३ साली मीटर बसवताना व्यापाऱ्यांना तसेच वचन दिले गेले. त्या पैशातून पदपथ, दिवे, झाडे झाली आणि मरगळलेली पेठ उभी राहिली. आपल्याकडे पैसा महापालिकेच्या तिजोरीत जातो आणि रस्त्यावर फक्त पावती फाडणारा माणूस दिसतो. लोक चिडतात ते मला समजते.

मी गरिबांच्या विरोधात बोलतो आहे असे कोणी म्हणेल. मागे एका सभेत तसे म्हटलेही गेले. मंडळी, बसने जाणारा तिकीट काढतो. सर्वोच्च न्यायालयाच्या २००३च्या निकालात मुंबईच्या फेरीवाल्याला किती जागा सांगितली आहे? एक मीटर बाय एक मीटर. एका चौरस मीटरवर त्याने संसार चालवायचा. आणि मोटारीची एक जागा पाच मीटर लांब, अडीच मीटर रुंद धरली तर साडेबारा चौरस मीटर होते. साडेबारा फेरीवाल्यांची जागा एका रिकाम्या मोटारीला आपण फुकट देतो आणि भाजीवालीची हातगाडी अतिक्रमण म्हणून उचलतो. हा न्याय मला मान्य नाही. माझ्याकडे गाडी आहे, ती मी सोसायटीच्या आत लावतो आणि बाहेर लावली तर पैसे द्यायला तयार आहे.

कार्यवाहांची चिठ्ठी आली आहे, दहा मिनिटे राहिली. मग जपान आणि मुंबई भरभर सांगतो, शिकागो मात्र सोडत नाही.

जपानमध्ये १९६२च्या कायद्यापासून मोटार घेताना ती ठेवायला स्वतःची जागा असल्याचा दाखला पोलिसांकडून घ्यावा लागतो, आणि ती जागा घरापासून दोन किलोमीटरच्या आत लागते. आपल्याकडे २०२५च्या मे महिन्यात राज्याच्या परिवहनमंत्र्यांनी तशीच अट आणण्याचे बोलून दाखवले. मुंबईत बिल्डरांना जादा बांधकाम देऊन त्या बदल्यात सार्वजनिक वाहनतळ घेतले गेले. ते रिकामे आणि बाहेरचा रस्ता भरलेला, असे चित्र दिसू लागले. शेवटी ७ जुलै २०१९पासून वाहनतळाच्या पाचशे मीटर परिसरात बेकायदा गाडी लावणाऱ्याला पाच हजारांपासून पुढे दंड लावावा लागला. शेजारी रस्ता फुकट असेल तर पैसे भरून चौथ्या मजल्यावर कोण जाईल?

शिकागोत नेमके उलटे झाले. डिसेंबर २००८मध्ये त्या शहराने आपली ३६,००० मीटर ७५ वर्षांसाठी एका खाजगी कंपनीला दिली. मिळाले सुमारे ११५ कोटी डॉलर. नगरसेवकांना विचार करायला मिळाले दोन-तीन दिवस. पुढच्याच वर्षी शहराच्या महानिरीक्षकांनी अहवाल दिला की सौदा किमान ९७ कोटी डॉलर स्वस्तात गेला. आणि आता जत्रेसाठी वा दुरुस्तीसाठी रस्ता बंद केला तर शहराने त्या कंपनीला भरपाई द्यायची. आपल्या शहरात गणपतीच्या दहा दिवसांसाठी ठेकेदाराला भरपाई द्यावी लागली तर कसे वाटेल? म्हणून शुल्काचा आग्रह धरणारा मी तितक्याच आग्रहाने सांगतो की, रस्ता भाड्याने देऊ नका. दर शहराने ठरवावा, हिशेब शहराने ठेवावा.

हे सारे सल्लागाराला ठाऊक नसते असे नाही. त्याला विचारलेले नसते. निविदेतली पहिली ओळ बदलायला हवी. 'मागणी निश्चित करावी' काढून तिथे लिहा, 'प्रत्येक जागेवर कोणती गाडी किती तास उभी राहते याची नोंद करून ती वॉर्ड ऑफिसच्या भिंतीवर लावावी.' सल्लागार नंतर येऊ द्या. ही नोंद करायला कोणाची पदवी लागत नाही. महाविद्यालयातली मुले करू शकतात, आपले ज्येष्ठ नागरिक करू शकतात. आपल्या हातात आपल्या रस्त्याचा तक्ता असेल तेव्हा अहवालाच्या शेवटच्या प्रकरणाला आपण प्रश्न विचारू शकू. आज आपण फक्त टाळ्या वाजवतो किंवा मोर्चा काढतो.

(अध्यक्ष : "आता आवरते घ्यावे.")

आवरतोच. अध्यक्षमहाराज, एक विनंती करून बसतो. येत्या बुधवारी, कामाच्या दिवशी, या सभागृहाच्या फाटकापासून चौकापर्यंतच्या रस्त्याची नोंद आपण करणार आहोत. सकाळी आठ ते रात्री आठ, दर अर्ध्या तासाला एक फेरी. एकाने दोन तास दिले तरी पुरे. मघाशी मागून बोललेल्या दुकानदार बंधूंनी पहिली फेरी माझ्याबरोबर करावी, ही खास विनंती. तक्ते छापून आणले आहेत, बाहेर टेबलावर वही ठेवली आहे. जाताना तीत नाव लिहून जा.