नव्या धंद्याची जाहिरात : खर्च कमी, पायपीट जास्त

(मंडळाच्या व्याख्यानमालेत तरुण व्यावसायिकांसमोर दिलेल्या भाषणाचा मजकूर)



मंडळाने मला विषय दिला आहे, नवा धंदा आणि कमी खर्चातली प्रसिद्धी. माझी नोकरी बँकेत झाली आणि त्यातली बरीच वर्षं लघुउद्योगांचे कर्जाचे अर्ज तपासण्यात गेली. त्या अर्जांत यंत्रं, कच्चा माल, जागेचं भाडं यांचा हिशेब पै-पैचा असे. जाहिरातीपुढे मात्र एक गोल आकडा टाकलेला असे. तो कशावर खर्च होणार, त्यातून किती गिऱ्हाइकं येणार, असं विचारलं की समोरचा गप्प. बहुतेक वेळा तो पैसा उद्घाटनाचा मंडप, फ्लेक्स आणि पेढे यांतच संपायचा. आणि हा पैसा कुणाचा? वडिलांच्या प्रॉव्हिडंट फंडाचा, आईच्या पाटल्यांचा. म्हणून आज जरा स्पष्ट बोलतो.

उदाहरणासाठी आपल्याला बेळगावबाहेर जायला नको. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1888 मध्ये इथे सायकलचं दुकान काढलं. सायकल ही तेव्हा नवलाईची वस्तू. जिला चालवताच येत नाही ती वस्तू माणूस विकत कशी घेणार? म्हणून ते सायकल विकायचे आणि चालवायलाही शिकवायचे. आज किर्लोस्कर रोडवरून जाताना हे आठवावं. गिऱ्हाइकाची अडचण ओळखून ती सोडवणं, हीच त्यांची जाहिरात होती.

पुढे त्यांनी लोखंडी नांगर केला. लोखंडाने जमीन विषारी होते, असा तेव्हा शेतकऱ्यांचा समज होता. नांगर पटायला वर्षं गेली. असा समज छापील पत्रकाने जात नाही. शेजारच्या शिवारात नांगर चालतो, पुढच्या मोसमात तिथे पीक डोलतं, तेव्हा तो जातो. 1910 मध्ये किर्लोस्करवाडी वसली आणि 1920 मध्ये लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव यांनी ‘किर्लोस्कर खबर’ सुरू केलं. कारखान्याच्या मालाची माहिती गिऱ्हाइकांपर्यंत नेणारं ते छोटं पत्र. त्यात वाचण्यासारखा मजकूर येत गेला आणि त्याचंच पुढे ‘किर्लोस्कर’ मासिक झालं. क्रम लक्षात घ्या. आधी वस्तू हातात दिली, मग विश्वास बसला, मग छपाई आली.

दुसरं उदाहरण गुजरातचं. करसनभाई पटेल यांनी 1969 मध्ये अहमदाबादेत निरमा पावडर सायकलवरून घरोघर विकायला सुरुवात केली. भाव नावाजलेल्या पावडरीपेक्षा कितीतरी कमी, आणि पसंत न पडल्यास पैसे परत. टीव्हीवरचं गाणं नंतर आलं. घरोघर फिरण्यात आणखी एक फायदा असतो. गिऱ्हाईक तोंडावर तक्रार करतं आणि माल सुधारायला वाव मिळतो. फ्लेक्स तुमच्याशी बोलत नाही.

आता तुम्ही काय करायचं ते सांगतो.

पहिलं, चालवून दाखवा. मसाल्याचा धंदा असेल तर एका भाजीपुरती पुडी आणि सोबत चार ओळींची कृती द्या. हिशेबनिसाचं काम करत असाल तर बाजारातल्या दहा दुकानदारांना बोलावून जीएसटीच्या नेहमीच्या अडचणी तासभर फुकट समजावून सांगा. उद्यमबागेतला कारखानदार पत्रक वाचून ऑर्डर देत नाही. त्याच्या ड्रॉइंगबरहुकूम एक नग काढून द्या. तो मापाला उतरला तर पुढचं बोलणं सुरू होईल.

दुसरं, सापडा. गुगल मॅप्सवर दुकानाची नोंद करायला पैसे लागत नाहीत. वेळा, फोन, आतले खरे फोटो टाका आणि सुट्टीचा दिवस बदलला की तिथेही बदला. व्हॉट्सॲप बिझनेसवर मालाची यादी भावासकट ठेवता येते. पण नातेवाइकांच्या ग्रुपवर रोज सकाळी जाहिरात टाकू नका, लोक ग्रुप म्यूट करतात. आणि आपल्या गावात गिऱ्हाईक कन्नड बोलतं, मराठी बोलतं, उर्दू, कोंकणीही बोलतं. त्याच्या भाषेत दोन वाक्यं बोलायला शिका, तीही फुकट आहेत.

तिसरं, वही ठेवा. प्रत्येक नव्या गिऱ्हाइकाला विचारा, ‘आमच्याबद्दल कुठे कळलं?’ आणि लिहून ठेवा. समजा, 4,000 रुपयांची पत्रकं वाटली आणि 20 गिऱ्हाइकं आली. म्हणजे एक गिऱ्हाईक 200 रुपयांना पडलं. एका खरेदीत 60 रुपये सुटत असतील, तर ते चौथ्यांदा येईल तेव्हा कुठे तुमचा खर्च निघेल. चौथ्यांदा येईल असा माल आहे का, हा खरा प्रश्न. तीन महिन्यांत ही वहीच सांगेल की पैसा कुठे घालायचा आणि कुठे थांबवायचा.

चौथं, मागायला लाजू नका. आपल्याकडे हा संकोच फार. काम चोख करतो, पण ‘आवडलं असेल तर आणखी दोघांना सांगा’ एवढं वाक्य तोंडातून निघत नाही. यात हात पसरणं काही नाही. उलट खोटे अभिप्राय लिहवून घेणं लाजिरवाणं आहे, आणि ते आज ना उद्या उघडं पडतं.

आता एक आपल्या घरातली गोष्ट. गेल्या वर्षीची स्मरणिका उघडा. पानामागून पान, ‘गणेशोत्सवानिमित्त हार्दिक शुभेच्छा’, खाली नाव आणि फोन. हा गृहस्थ पंप विकतो की लोणची, कळायला मार्ग नाही! मंडळाला हातभार म्हणून ते पान मोलाचं आहे, ते जरूर घ्या. पण त्याच पैशात एक ओळ जास्त छापून घ्या. तुम्ही काय करता, आणि या वाचकाच्या ते काय उपयोगाचं आहे.

शेवटी एक सांगतो. इथे बसलेले काका-काकू तुमच्याकडून पहिली खरेदी करतील, कारण तुम्ही आपली मुलं आहात. ती खरेदी भिडेची असते, तिला यश समजू नका. दुसरी खरेदी मालाची असते. आणि ज्या दिवशी ओळख ना पाळख असा माणूस, कुणाचं तरी नाव सांगून तुमच्या दारात येईल, त्या दिवशी वहीत तारीख लिहून ठेवा. धंदा त्या दिवशी सुरू झाला.

बुद्धिदात्या गजाननाने तुमच्या कष्टांना यश द्यावं, ही प्रार्थना.